भाकरीचा चौकोन

बाबांची वाचा गेली तेव्हा शेतांतलं सोयाबीन निघून गेलं होतं आणि तूर फुलावर आली होती. मी वाशीमहून मंगरूळपीरला धावत आले ती अंगावरच्या कपड्यांनिशी. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाबांची खाट खिडकीपाशी लावली, आणि तेव्हापासून घरातल्या दुपारी लांबत गेल्या. ऊन आधी त्यांच्या पायांवर यायचं, मग हळूहळू पोटावर, छातीवर सरकायचं आणि भिंतीवर चढून निघून जायचं. तेवढ्या वेळात मी किती डुलक्या घेतल्या, कोणता चहा खरोखर केला आणि कोणता स्वप्नात केला, हे आजही मला नीट सांगता येणार नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांची नोकरीच बोलण्याची. "चला आसेगाव, आसेगाव! मांगं सरका, मांगं लय जागा हाय!" हे त्यांनी इतकी वर्षं म्हटलं की रिटायर झाल्यावर घरात पाहुणे आले तरी तोंडातून तेच निघायचं. मागे जागा कधीच नसायची, ती गोष्ट वेगळी. आता उजवं अंग लुळं पडलं होतं आणि घशातून फक्त एक 'अँ' निघत होता. तोच होकार, तोच नकार, तोच राग. डावा हात मात्र चांगला होता, आणि डोळे तर पूर्वीपेक्षाही जास्त जागे वाटायचे.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ पुण्यात असतो, तो फोनवर फार माया करतो. शेजारी चाची. त्यांचं बांगड्यांचं दुकान, आता सुना बघतात, म्हणून चाचींना दिवसभर आमच्याकडं डोकवायला वेळ असतो. मी वाशीमला एका ऑफिसात कामाला आहे, तिथंच भाड्याच्या खोलीत एकटी राहते. लग्न केलं नाही. का नाही केलं हे विचारणाऱ्यांना मी काय उत्तर देते ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, आणि तो बाबांकडून आलाय हेही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बाबांना ऐकू येतं, बरंचसं कळतंही, पण बोलणं आणि वाचणं सध्या जमणार नाही. "चित्रं दाखवा. पाहिजे त्या चित्रावर बोट ठेवतील. हळूहळू जमेल."

हे मी अर्धंच ऐकलं. वाचणं जमणार नाही, हे मला खरंच वाटलं नाही. जो माणूस चालत्या बसमध्ये, खड्ड्यांतून, टेकू न घेता तिकिटं वाचायचा, त्याला 'पाणी' वाचता येणार नाही? म्हणून मी आधी शब्दच लिहायला घेतले. माझं ऑफिसातलं सगळं काम कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये चालतं, म्हणजे उभ्या-आडव्या चौकटींचं ते पान, जे कितीही खाली गेलं तरी संपत नाही. मला दुसरं काही येतच नाही म्हणा ना. कुणी लग्नाची पंगत ठरवायला सांगितली तरी मी आधी चौकटी आखते. ऑफिसातल्या मैत्रिणीला फोनवर शब्द सांगितले, तिनं एकेका चौकटीत एकेक शब्द टाईप करून शीट पाठवली. पाणी, चहा, भाकर, गोळी, दुखते, झोप.

स्टँडजवळ एका जैन शेठजींचं दुकान आहे. वह्या-पेनं, लग्नपत्रिका, झेरॉक्स, आणि कोपऱ्यात पत्रिका छापण्याइतका जुना एक कॉम्प्युटर. त्याच्यावर शीट उघडली, तर चौकटी होत्या पण शब्द नव्हते. शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उद्गारचिन्हं, असा सगळा कचरा. जणू कोंबडी कागदावरून चालत गेली होती.

"ताई, हे कोन्या देशाची भाषा म्हनावं?" शेठजींनी चष्मा वर केला.

मला हसू आलं, कारण मला रोग माहीत होता. आमच्या ऑफिसात अजून जुना मराठी फॉन्ट चालतो. तो ज्या कॉम्प्युटरवर टाकलेला नाही तिथं मराठीचा असाच चिवडा होतो. मी सगळं पुसलं, मोबाईलवर नव्यानं लिहिलं, कारण तसं लिहिलेलं कुठंही दिसतं, आणि प्रिंट काढून घरी नेली. ठळक, मोठे, काळेभोर शब्द.

बाबांनी कागद डाव्या हातात धरला. 'पाणी' या शब्दाकडं पाहिलं. मग 'चहा'कडं. मग माझ्याकडं. मी तासाभरापूर्वी त्या कोंबडीच्या पावलांकडं जशी पाहत होते तसेच ते पाहत होते, फक्त मला हसू आलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून जो फॉन्ट गेला की आम्ही फोन करून माणूस बोलावतो, तोच जणू माझ्या बापाच्या डोक्यातून गेला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती ती.

मग चित्रं. चित्रं काढता येत नाहीत मला, पण मोबाईलच्या कीबोर्डात इवल्या इवल्या चित्रांचा समुद्र असतो. दुपारभर मी त्या समुद्रात बोट घालून बसले. किती चित्रं ती! चार प्रकारचे केक. झिंगे. बर्फावरून घसरायची लाकडं. सगळ्या जगाला काय काय लागतं ते त्यात होतं, आणि मंगरूळपीरच्या एका म्हाताऱ्याला लागेल असं शोधायला गेलं तर हाती काही येत नव्हतं. ठेचा नाही. पाण्याचा गडवा नाही. शेकायची शेगडी नाही. चाचींसाठी बांगडी शोधली, तीही नव्हती, म्हणून अंगठी टाकली. भावासाठी टाय घातलेला माणूस. कप, नळ, गोळी, खाट म्हणून पलंग, घर, सूर्य, चंद्र, खुर्ची. बस सापडली तेव्हा मी मोठ्यानं "हाय रे हाय!" म्हणाले आणि बाबा दचकून जागे झाले. आणि अगदी शेवटी एक चपटी, गोल, डाग पडलेली भाकर सापडली. कोणत्या मुलखाची होती देव जाणे, पण तव्यावरून आत्ताच उतरल्यासारखी होती. तिला मी मधली चौकट दिली.

शेठजींच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं आणि माझा पारा चढला. निम्म्या चौकटींत चित्रं नव्हतीच. नुसते रिकामे चौकोन. चौकटीच्या आत चौकोन, पोटात काही नाही.

आता हे मला चांगलं माहीत आहे, की अशा वेळी चित्र हरवलेलं नसतं. कॉम्प्युटरकडं त्या खुणेचा नंबर असतो, तो नंबर तो जपून ठेवतो. त्याच्याजवळच्या फॉन्टात त्या नंबरचं चित्र नसतं, म्हणून तो बिचारा रिकामा चौकोन काढून दाखवतो. चिडण्यासारखं त्यात काही नाही. तरी मी चिडले. एकेक चौकट धरून फॉन्ट बदलत बसले. एका फॉन्टात कप आला. दुसऱ्यात घर, चंद्र आणि बस आली, रंग जाऊन काळीपांढरी, पण आली. पलंग आला. नळ आला. भाकर काही केल्या येईना. जुन्या फॉन्टांना ती ठाऊकच नव्हती. ती त्या चित्रांच्या जगात फार उशिरा जन्मली असणार.

शेठजी मागं उभे राहून बघत होते. "राहू द्या ना ताई येक खाली. सारंच थोडी भेटते मानसाले." आणि तेवढ्यात लाईट जायची वेळ झाली, म्हणून मी तशीच प्रिंट काढून, वर प्लास्टिक चढवून घरी आणली.

बाबांना कागद आवडला. बोट फिरवून सगळं पाहिलं. मी तेव्हा त्यांचं अंथरूण झटकत होते. झटकता झटकता सांगितलं, "बाबा, हा मधातला खाली चौकोन दिसून राह्यला ना, तिथी भाकर हाय असं समजा." त्यांनी मान हलवली. त्या दिवसांत ते सगळ्यालाच मान हलवायचे.

आणि बोलणं सुरू झालं! नळावर बोट, की पाणी. गोळीवर बोट आणि कपाळाला आठी, की आज गोळी नको. एकदा अंगठीवर बोट ठेवून त्यांनी दाराकडं पाहिलं आणि चाची खरंच दारात आल्या, तेव्हा आम्ही तिघंही हसलो. बाबांचं हसू एका बाजूनंच वर जायचं. मला ते लहान मुलाच्या खोडकरपणासारखं वाटायचं. दुपारच्या उन्हात त्या काळ्यापांढऱ्या चित्रांवरून त्यांचं बोट हळूहळू चालायचं, थांबायचं, पुढं जायचं. मी त्यांच्याकडं बघत बघत पेंगायचे आणि स्वप्नातही बोट चालतच असायचं.

पण काही काही बोलण्यांचा अर्थच लागत नसे. चौकोनावर बोट, मग कपावर. म्हणजे चहा-भाकर, आमच्या घरातली जुनी न्याहारी. मी भाकर टाकायची, चहा करायची, कुस्करून भरवायला जायची, आणि बाबा तोंड फिरवायचे. पुन्हा बोट, चौकोन, कप. "हे काय तं! हेच तं हाय ना!" माझा आवाज चढायचा. कधी चौकोन आणि मग पलंग. "झोपून भाकर खाता काय? ठसका लागंन." ते 'अँ' म्हणून भिंतीकडं तोंड करायचे. चाचींना मी सांगितलं, की यांना भाकरीचा ध्यास लागलाय आणि दिली तर खात नाहीत. चाची म्हणाल्या, "बिमार माणसाचं असंच राह्यते बेटा. मंग इच्छा होते, मंग मरून जाते."

एक दिवस ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. माझी रजा संपत आली होती. मी खिडकीशी उभी होते, बाबांचे डोळे मिटलेले. मी म्हणाले, "मी सोडते नोकरी. दुसरं काय करू? ह्याहीले कोनाच्या भरोशावर ठेवू? राजीनामा लिहून टाकते या आठवड्यात." ती काहीबाही समजावत राहिली. माझा निर्णय झालेला होता. खोली सोडायची, दोन भांडी आणि गादी टेम्पोत टाकून आणायची, की झालं.

त्या संध्याकाळपासून बाबांनी एकच लावून धरलं. चौकोन आणि बस.

चौकोन, बस. पुन्हा चौकोन, बस. प्लास्टिकवर नखाचा टकटक आवाज यायचा. आधी शांतपणे, मग जोरात, मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागेपर्यंत. त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं, अगदी जिवाच्या आकांतानं सांगायचं होतं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडत नव्हता. मी झोपेतून उठले की आधी तेच आठवायचं. दुसरं काहीही चुकलं तरी चाललं असतं, पण माझा बाप काहीतरी सांगत सांगत गेला आणि मला कळलं नाही, असं झालं तर मी पुढं कशी जगणार होते?

आणि एका दुपारी मला कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. भाकर आणि बस! कंडक्टरच्या पोरीला हे कळायला इतके दिवस लागावेत! पहाटेच्या ड्युटीला निघताना आई फडक्यात भाकर बांधून द्यायची आणि बाबा ती बसमध्ये पुढच्या खिडकीला टांगायचे. डबा दे, ड्युटीवर जायचंय, असं म्हणत होते ते. मी त्यांना विचारलं, "बाबा, बसमंधी जायचं काय?" त्यांनी 'अँ' केलं, इतक्या जोरात, की मी तिथंच रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर थापली, ठेचा केला, फडक्यात बांधला. ऑटो बोलावला. स्टँडवर बाबांचे एक जुने ड्रायव्हर भेटले, त्यांचीही आता रिटायर व्हायची वेळ आलेली. त्यांनी बाबांना पाहिलं आणि टोपी काढली. "अरे कंडक्टरसाहेब!" आसेगावची गाडी लागलेली होती, सुटायला अवकाश होता. ड्रायव्हर, ऑटोवाला आणि दोन पासिंजरांनी मिळून बाबांना उचलून पायऱ्यांवरून आत नेलं आणि त्यांच्या जुन्या जागेवर, दाराजवळच्या सीटवर बसवलं. डिझेलचा वास, खिडकीच्या गजातून येणारं ऊन, मागे कुणाची तरी कोंबडी. मला वाटलं आता त्यांचा चेहरा खुलेल.

ते बसायलाच तयार नव्हते. डाव्या हातानं त्यांनी माझी ओढणी धरली आणि मला खाली ओढायला लागले. मी शेजारी बसले. मी बसल्याबरोबर ते उठायची धडपड करायला लागले, दाराकडं, बाहेर. मी उठून त्यांना सावरलं, तर पुन्हा मला सीटकडं ढकललं. भाकरीचं फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं, ते त्यांनी माझ्या हातात कोंबलं. मी ते सोडून त्यांना घास भरवायला गेले, तर घास थुंकला आणि असा 'अँऽऽ' केला, की मागचे लोक उभे राहिले.

ड्रायव्हरकाका डोळे पुसत होते. "ड्युटी याद आली त्याले, बाई. काम केलेला माणूस हाय."

मीही रडत होते. दोन पासिंजर बायाही रडल्या. सगळी बस बाबांच्या ड्युटीसाठी हळहळत होती आणि एकटे बाबा आम्हा सगळ्यांकडं असे बघत होते, की या येड्यांना आता सांगावं तरी कसं. ही नजर मला तेव्हा दिसली. तिचा अर्थ लागला नाही.

घरी आल्यावर त्यांनी कागद हातात घेतला. चौकोन. बस.

त्या दुपारी मला एक लांबच लांब स्वप्न पडलं. आसेगावच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंची शेतं चौकटींची झाली होती, बांधाच्या रेघा सरळ, आणि प्रत्येक शेतात एकेक वस्तू ठेवलेली. एका शेतात कप, एका शेतात खाट. मधून बाबांची गाडी चालली होती, तिला आवाज नव्हता. ती एका मोकळ्या शेतापाशी थांबली आणि बाबा उतरून त्या शेतात शिरले. तिथं काही नव्हतं, नुसती नांगरलेली काळी माती. ते तिथं कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे उभे राहिले. मी हाक मारायला गेले तर माझ्याही तोंडातून 'अँ' निघालं. जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि दूर कुठंतरी गाडीवाला लसणाचा भाव ओरडत होता.

मी स्वतःला सांगितलं, की दोष त्या कागदाचा आहे. अर्धवट काम करून ठेवलं की असंच होतं. त्यांना भाकर दिसत नाही म्हणून ते बोलायला जातात एक आणि होतं भलतंच. आता ती चौकट मी अशी भरणार होते, की जगातला कुठलाही फॉन्ट नसला तरी चालेल. चाचींनी आपल्या हातानं मोठी भाकर थापून दिली. मी ती परातीत ठेवून, दारात उन्हात नेऊन, वरून फोटो काढला. चाची म्हणाल्या, "भाकरीचा फोटो काढून राह्यली, आता भाकरीचं लगन जमव." मोबाईलमध्येच चौकट मोठी केली, फोटो आत बसवला, कडा कापल्या. बाकीच्या काळ्यापांढऱ्या चित्रांच्या जागीही रंगीत फोटो टाकले. कुठं कप, कुठं आमचीच खाट. बसचा फोटो स्टँडवर जाऊन काढला. चंद्राचा काही जमला नाही, तो जुनाच ठेवला.

शेठजींकडं सगळं जसंच्या तसं उघडलं. एकही चौकोन नाही. त्यांनी रंगीत प्रिंट उन्हात धरून पाहिली. "वा ताई! आता कायची कमी नाई याच्यात." जाता जाता मी राजीनाम्याचीही प्रिंट काढली. तो मी सकाळीच लिहून ठेवला होता. दोन्ही कागद एकाच पिशवीत घालून घरी आले. जुना कागद उचलून आधी कचऱ्याच्या बादलीत टाकला, तसलं काही घरात ठेवायचंच नाही असं मला झालं होतं.

"पाहा बाबा, आता सारं हाय याच्यात."

बाबांनी नवा कागद मांडीवर घेतला. रंग पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. बोट कपावर गेलं, पुढं सरकलं. खाटेवर थांबलं. भाकरीवर आलं. भाकरीवरून ते तसंच पुढं निघून गेलं. मग परत आलं, भाकरीभोवती फिरलं, तिच्या खाली काही आहे का असं नखानं खरवडून पाहिलं. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा. एकेक चौकट. त्यांनी कागद उलटा केला, मागची पांढरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. उशीखाली हात घालून चाचपलं. ते काहीतरी शोधत होते आणि ते काहीतरी मी बादलीत टाकून आले होते.

"काय पाह्यजे बाबा? भाकर तं हे काय, इतली मोठी!" माझा आवाज पुन्हा चढला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बसमध्ये पाहिलं होतं तसंच. मग कागदावरचं बोट उचललं, हवेत थोडा वेळ तसंच धरलं, आणि माझ्या मनगटावर आणून ठेवलं.

मग बसवर.

मग पुन्हा माझ्या मनगटावर. मग बसवर.

बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी त्या बोटाकडं पाहत राहिले. कागदावर मी सगळं घेतलं होतं. भाऊ घेतला, चाची घेतल्या, चंद्र-सूर्य घेतले. मी स्वतः त्यात नव्हते. मी तर समोरच बसलेली होते, समोर बसलेल्याला कशाला लागते चौकट? बाबांना त्यात दिसला एक रिकामा चौकोन, ज्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तो त्यांनी मला दिला होता. भाकर तिथं आहे हे फक्त मला माहीत होतं, त्यांना काय त्याचं?

"मी?" मी विचारलं. "मी जाऊ बसनं? वाशीमले?"

'अँ.' हळू. दमलेलं.

म्हणजे मी फोनवर बोलत होते तेव्हा ते जागे होते. आणि त्याच्या आधीपासूनची सगळी बोलणी एकामागून एक माझ्या अंगावर यायला लागली. चौकोन आणि कप. तू चहा घेतला का? चौकोन आणि पलंग. जाऊन पड जराशी, किती दिवस झाले धड झोपली नाहीस. इतके दिवस त्या चौकोनावर बोट ठेवून हा माणूस स्वतःसाठी काही मागतच नव्हता. आणि मी त्यांच्या तोंडात भाकर कोंबत होते! मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर जे होतं ते झालं. बाबांनी ते सगळं होऊ दिलं.

"मंग तुमच्यापाशी कोन राह्यीन?" मी नाक पुसत विचारलं.

हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं दिसत होतं. बोट थेट अंगठीवर गेलं. मग खुर्चीवर. माझ्याकडं पाहिलं, समजलं का म्हणून. समजलं, मी म्हणाले. चाची बसतील. चाचींना विचारायला हवं होतं, पण त्या दारातच उभ्या होत्या, कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. पदराचं टोक तोंडाशी धरून म्हणाल्या, "दिवसभर बसते मी. घरी सुनांच्या तोंडाकडं पाहत बसन्यापक्षा बरं. तू जाय बिनधास्त. कितीक लोकं अपडाऊन करते."

मला वाटलं झालं त्यांचं सांगून. मी उठायला लागले, तर त्यांनी 'अँ' करून थांबवलं. बोट कागदावर हळूहळू चाललं, सूर्यावरून, घरावरून, आणि चंद्रावर जाऊन थांबलं. तिथून ते उचलून त्यांनी पुन्हा माझ्या मनगटावर ठेवलं. चंद्र. मी. आणि या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हुकूम नव्हता. भीती होती. इतके दिवस मला जा म्हणून टकटक करणाऱ्या माणसाला आता मी जाईन याची भीती वाटत होती, आणि ती लपवायला त्यांच्याकडं शब्दही नव्हते.

"येते ना बाबा," मी म्हणाले. "रोज सांजच्याले येते. घरीच येते."

त्यांनी डोळे मिटले. बोट उचललं नाही. मीही हात हलवला नाही, ऊन खाटेवरून उतरून भिंतीवर जाईपर्यंत.